राष्ट्रीय दहशतवादविरोधी धोरण आणि पहिली चाळीस मिनिटे

सुरसागरकाठ | ८ डिसेंबर २०२४

गेल्या महिन्यात, ७ नोव्हेंबरला, राष्ट्रीय तपास यंत्रणेने दिल्लीत भरवलेल्या परिषदेत केंद्रीय गृहमंत्र्यांनी जाहीर केले की देशासाठी दहशतवादविरोधी राष्ट्रीय धोरण आणि त्याची कार्यनीती लवकरच आणली जाईल. ती बातमी वाचल्यापासून मनात जे घोळते आहे ते या मंचावर सविस्तर मांडते. मी बडोद्यातील एका मोठ्या रुग्णालयात चौतीस वर्षे परिचारिका होते आणि त्यांतली शेवटची अकरा वर्षे अपघात विभागाची जबाबदारी माझ्याकडे होती. धोरण आखणे हे माझे क्षेत्र नाही. तरीही एका संध्याकाळी जे पाहिले ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

२६ जुलै २००८, शनिवार. मी दुपारपाळीला होते. पावणेसातच्या सुमारास अहमदाबादेत स्फोट सुरू झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या. सुमारे सत्तर मिनिटांत एकवीस स्फोट झाले आणि ५६ माणसे गेली, हे सगळे आकडे नंतर कळले. त्या वेळी आम्हाला हादरवणारी बातमी वेगळी होती. जखमींना घेऊन नातेवाईक ज्या सिव्हिल आणि एल. जी. रुग्णालयांत धावले, तेथेच पुढचे स्फोट घडवले गेले होते. ज्या दारातून माणूस जीव वाचवायला आत येतो, तेच दार नेमके निवडलेले होते. अहमदाबाद आमच्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. आमच्या विभागातल्या प्रत्येकाची नजर एकाच वेळी आमच्या दाराकडे गेली.

दाराबाहेर सायकली लावायची जागा होती. तेथे एक जुनी काळी सायकल उभी होती आणि तिच्या कॅरिअरला रबराच्या पट्ट्याने बांधलेला स्टीलचा डबा होता. अहमदाबादेत काही बॉम्ब सायकलींवरच ठेवले होते, हे तोवर दूरचित्रवाणीवर सांगितले गेले होते. सायकल कोणाची, हे कोणालाच ठाऊक नव्हते. पोलीस नियंत्रण कक्षाचा फोन सतत व्यस्त लागत होता. काचेच्या दारामागे एकवीस रुग्ण होते आणि त्यांतल्या चौघांना हलवणे धोक्याचे होते. त्यांना मागच्या वॉर्डात न्यायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, याचे उत्तर ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरकडे नव्हते आणि माझ्याकडेही नव्हते. चाळीस मिनिटांनी आमचा वॉर्डबॉय वरच्या मजल्यावरून खाली आला आणि म्हणाला, "सिस्टर, ही माझी सायकल आहे, डब्यात भाकरी आहे." तो तेथेच बसून रडला, आणि आम्हीही.

नंतर कळले की रुग्णालयाची आपत्कालीन योजना लिहिलेली होती. ती इंग्रजीत होती, कार्यालयातल्या कपाटात होती आणि शनिवारी संध्याकाळी त्या कपाटाला कुलूप होते.

संयुक्त राष्ट्रांनी ८ सप्टेंबर २००६ रोजी जी जागतिक कार्यनीती मंजूर केली तिचे चार आधार आहेत : दहशतवादाला पोषक परिस्थिती दूर करणे, त्याचा प्रतिबंध आणि मुकाबला, राज्यांची क्षमता वाढवणे, आणि हे सारे मानवी हक्क व कायद्याचे राज्य सांभाळून करणे. ब्रिटनने २००३ पासून आखलेल्या 'कॉन्टेस्ट' या कार्यनीतीतही चार भाग आहेत : माणूस त्या वाटेला जाऊ नये म्हणून प्रतिबंध, गेला तर पाठलाग, लक्ष्यांचे संरक्षण, आणि हल्ला झालाच तर सज्जता. आपल्याकडची चर्चा मात्र बहुतेक वेळा पाठलागापाशीच थांबते. माझे म्हणणे एवढेच आहे की येणाऱ्या धोरणाची परीक्षा त्या चाळीस मिनिटांवर व्हावी. दिल्लीतला कागद बडोद्यातल्या मांडवीच्या दुकानदारापर्यंत, बीटवरच्या शिपायापर्यंत, रात्रपाळीच्या परिचारिकेपर्यंत कसा पोचणार, हे त्या कागदातच लिहिलेले असावे. येथे निरनिराळ्या क्षेत्रांत काम केलेले लोक आहेत. आपापल्या कामाच्या जागेवरून काय दिसते, ते कृपया लिहावे.

कोठीकर | ८ डिसेंबर २०२४

ताई, तुमचा अनुभव वाचून बराच वेळ काही सुचले नाही. मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो आणि नोकरीतली बरीच वर्षे माहिती गोळा करण्याच्या कामात गेली, म्हणून त्याच अंगाने लिहितो.

कारगिलनंतरच्या आढाव्यातून २००१ च्या अखेरीस गुप्तवार्ता विभागात 'मल्टी एजन्सी सेंटर', म्हणजे आमच्या बोलण्यातले 'मॅक', सुरू झाले. निरनिराळ्या यंत्रणांकडची माहिती एका टेबलावर यावी हा त्याचा हेतू होता. २००५ मध्ये किनारी सुरक्षेची योजना मंजूर झाली आणि तिच्यात सागरी पोलीस ठाणी, गस्तीच्या नौका हे सगळे होते. तरीही २००८ च्या नोव्हेंबरात दहा जण कराचीहून निघाले, त्यांनी पोरबंदरची 'कुबेर' ही मच्छीमार नौका समुद्रात ताब्यात घेतली आणि ते मुंबईच्या किनाऱ्यावर उतरले. १६६ माणसे गेली. समुद्रमार्गे हल्ला होऊ शकतो अशा सूचना आधी आलेल्या होत्या. म्हणजे योजना होती आणि सूचनाही होती. जी साखळी सूचनेला कृतीपर्यंत नेते, तिची शेवटची कडी जागेवर नव्हती.

ही कडी कशी तुटते ते सांगतो. बीटवरचा जमादार चहाच्या गाडीवर ऐकतो की अमुक गल्लीतल्या खोलीत राहणारी मुले दिवसा दार उघडत नाहीत आणि रात्री सामान आणतात. तो ते लिहून वर पाठवतो. कागद वर जातो, तेथून आणखी वर जातो, आणि त्याचे पुढे काय झाले ते त्या जमादाराला कधीच कळत नाही. खोलीतली मुले परीक्षेचा अभ्यास करणारी निघाली की आणखी काही, एवढेही त्याला कोणी सांगत नाही. असे तीन-चार वेळा झाले की पाचव्या वेळी तो लिहीत नाही. खबर वर जाते, उत्तर खाली येत नाही, हा आमच्या खात्याचा फार जुना आजार आहे. नव्या धोरणात मला एकच कलम घालायला मिळाले तर मी असे लिहीन की प्रत्येक खबरीचे उत्तर, एका ओळीचे का होईना, ठरावीक दिवसांत ती देणाऱ्या शिपायापर्यंत परत आले पाहिजे.

दुसरा प्रश्न केंद्र आणि राज्यांचा आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत 'पोलीस' आणि 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे विषय राज्यांच्या यादीत आहेत. २०१२ मध्ये केंद्राने राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्राचा आदेश काढला, तेव्हा त्याला थेट अटक आणि झडतीचे अधिकार दिले होते, आणि तेही गुप्तवार्ता विभागाच्या छत्राखाली. गुजरात, पश्चिम बंगाल, ओडिशा अशा वेगवेगळ्या पक्षांच्या राज्यांनी एकत्र विरोध केला आणि ते केंद्र उभेच राहिले नाही. तो विरोध केवळ राजकीय होता असे मी म्हणणार नाही. बाहेरून आलेले पथक स्थानिक ठाण्याला न कळवता धाड घालते, तेव्हा त्या गल्लीत वर्षानुवर्षे जमवलेला विश्वास एका रात्रीत जातो, आणि तो पुन्हा जमवायचे काम ठाण्याच्याच वाट्याला येते. म्हणून धोरण राज्यांना सोबत घेऊन, त्यांच्या सहीने व्हावे.

राजमहाल_रोड | ९ डिसेंबर २०२४

दोन्ही प्रतिसाद आदराने वाचले, परंतु मला मूळ रोखच पटत नाही. ज्याला मरायचे आणि मारायचे आहे, त्याला विश्वास, संवाद, उत्तराची ओळ यांनी काही फरक पडत नाही. आपण १९९५ मध्ये टाडा हा दहशतवादविरोधी कायदा जाऊ दिला, २००४ मध्ये तसाच कडक पोटा कायदा रद्द केला, आणि त्यानंतर चार वर्षांनी, २००८ मध्ये, जयपूर, बंगळूर, अहमदाबाद, दिल्ली आणि मुंबई येथे एकाच वर्षी हल्ले झाले. माझा चुलतभाऊ त्या जुलैत अहमदाबादेत मणिनगरला राहत होता. तो वाचला, त्याच्या शेजारचा मुलगा वाचला नाही. कठोर कायदा, जलद खटला आणि निश्चित शिक्षा, हेच राष्ट्रीय धोरणाचे पहिले पान असले पाहिजे. बाकीचे सर्व त्यानंतर.

रावपुरा_वकील | ९ डिसेंबर २०२४

राजमहाल_रोड, तुमच्या चुलतभावाच्या शेजाऱ्याविषयी वाचून वाईट वाटले. 'जलद खटला आणि निश्चित शिक्षा' या तुमच्या शब्दांशी मी पूर्ण सहमत आहे, आणि म्हणूनच कठोर कायद्याबद्दलची तुमची अपेक्षा मला धोक्याची वाटते.

आधी तारखा पाहू. १२ मार्च १९९३ ला मुंबईत स्फोटांत २५७ माणसे गेली, तेव्हा टाडा लागू होता. २४ सप्टेंबर २००२ ला गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरावर हल्ला झाला, तेव्हा पोटा लागू होता. १९९३ ची स्फोटके रायगडच्या किनाऱ्यावर उतरली, ती सीमाशुल्क आणि पोलीस खात्यातल्या काही जणांनी पैसे घेऊन डोळेझाक केल्यामुळे, आणि त्यांना पुढे शिक्षाही झाल्या. तेव्हा लाच घेणारा कर्मचारी हा सुरक्षेतला केवढा मोठा खिंडार असतो, याचा विचार धोरणात कलमांच्या कठोरतेइतकाच झाला पाहिजे.

अक्षरधामचा खटला तर प्रत्येकाने नीट समजून घ्यावा. मंदिरात तीसहून अधिक माणसे मारली गेली. दोन्ही हल्लेखोर जागीच ठार झाले. कटात सामील म्हणून सहा जणांना पोटाखाली दोषी ठरवले गेले आणि त्यांतल्या तिघांना फाशी सुनावली गेली. १६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि तपासावर अत्यंत कडक शब्दांत ताशेरे ओढले. कायदा कठोर होता, म्हणून कबुलीजबाबावर भागले आणि भक्कम पुरावा गोळा करण्याची निकड राहिली नाही. जे आत होते त्यांची वर्षे गेली, आणि ज्यांनी खरोखर तो कट रचला त्यांचा शोध घेण्याचा काळही त्याच वर्षांत निघून गेला. मंदिरात ज्यांची माणसे गेली त्यांना न्याय मिळाला का, हे तुम्हीच सांगा.

आता वेगाविषयी. अहमदाबादच्या २००८ च्या स्फोटांचा निकाल विशेष न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला. ४९ जण दोषी ठरले, त्यांतल्या ३८ जणांना फाशी आणि ११ जणांना जन्मठेप झाली, आणि २८ जण सुटले. ही पहिली पायरी गाठायलाच साडेतेरा वर्षे लागली. याच वर्षी सप्टेंबरात काळा पैसा आणि दहशतवादाचा अर्थपुरवठा यांवर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आर्थिक कृती दलाने, म्हणजे एफएटीएफने, भारताचा मूल्यमापन अहवाल प्रसिद्ध केला. त्यात भारताची एकूण कामगिरी चांगली मानली आहे, परंतु दहशतवादाला होणाऱ्या अर्थपुरवठ्याचे खटले वेळेवर संपत नाहीत हे स्पष्ट सांगितले आहे. यूएपीए, म्हणजे बेकायदेशीर कृती प्रतिबंधक कायदा, यात जामिनाची अट फार कडक आहे. खटला मात्र चालत नाही. म्हणूनच २०२१ मध्ये नजीब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की खटला लवकर संपण्याची शक्यता नसेल तर या कायद्याखालीही घटनात्मक न्यायालय जामीन देऊ शकते.

यंदाच्या १ जुलैपासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ११३ मध्येही दहशतवादी कृत्याची व्याख्या आली आहे. गुन्हा या कलमाखाली नोंदवायचा की यूएपीएखाली, हे पोलीस अधीक्षक किंवा त्यांहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने ठरवायचे आहे. कोणत्या निकषावर ठरवायचे, हे कलम सांगत नाही. एकाच कृत्याला दोन दरवाजे ठेवले तर पहिली दोन वर्षे कोणत्या दरवाजातून आलो याच वादात जातात, हे मी रोजच्या कामावरून सांगतो.

साक्षीदाराबद्दल एकच सांगतो, कारण ते आपल्या शहराने पाहिले आहे. बडोद्यातल्या २००२ च्या दंगलीतील बेस्ट बेकरी हत्याकांडाच्या खटल्यात २००३ मध्ये साक्षीदार फिरले आणि सर्व आरोपी सुटले. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये फेरखटला महाराष्ट्रात चालवण्याचा आदेश दिला, तेव्हा २००६ मध्ये मुंबईत नऊ जणांना शिक्षा झाली. तो खटला दहशतवादाचा नव्हता, पण घाबरलेला साक्षीदार सगळ्या खटल्यांत सारखाच असतो. साक्षीदार संरक्षण योजना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मंजूर करून देशभर लागू केली. नव्या धोरणात तिच्यासाठी स्वतंत्र पैसा आणि स्वतंत्र माणसे असायला हवीत.

मकरपुरा | १० डिसेंबर २०२४

मी औद्योगिक रसायनांचा व्यापारी आहे. वडिलांच्या वेळेपासून धंदा आहे. ज्याला इंग्रजीत चकचकीत नावे आहेत त्या धोरणात माझ्यासारख्या दुकानदाराचे स्थान काय, एवढ्यापुरतेच लिहितो.

अमोनियम नायट्रेट हे खतात आणि खाणकामात लागणारे साधे पांढरे दाणे आहेत. तेच बॉम्बमध्येही वापरले गेले आहे. २०११ मध्ये सरकारने त्याला स्फोटकाचा दर्जा दिला आणि २०१२ मध्ये, १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली, अमोनियम नायट्रेट नियम आले. परवाना, साठ्याची नोंदवही, वाहतुकीचे कागद, सगळे लागू झाले. हे योग्यच झाले. ऑगस्ट २०२० मध्ये बैरूतच्या बंदरात २,७५० टन अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षे पडून राहिले होते आणि त्याने अर्धे शहर हादरवले. तेथे कोणी हल्ला केला नव्हता. साठा कोणाच्याच नोंदीत जबाबदारी म्हणून उरला नव्हता, एवढेच कारण पुरले.

पण यादीत नसलेली अनेक रसायने आहेत, जी मी कोणालाही विकू शकतो. पाच-सहा वर्षांपूर्वी एक तरुण माझ्याकडे आला. त्याला दोन वस्तू हव्या होत्या, प्रत्येकी थोड्या. कशासाठी, असे विचारल्यावर तो आधी म्हणाला कॉलेजच्या प्रयोगासाठी, मग म्हणाला काकांच्या कारखान्यासाठी. बिल नको म्हणाला. मी माल दिला नाही. तो गेल्यावर मी जवळच्या एका कार्यालयात फोन केला. तेथल्या माणसाने विचारले, "माल दिला नाही ना? मग तक्रार कसली?" मी फोन ठेवला. तो मुलगा खरोखर विद्यार्थी असेल, तसेच असो. पण असे विचारणारे किती जण शहरातल्या किती दुकानांत गेले, याची नोंद कोठेच झाली नाही, कारण नोंद घेणारे कोणी नव्हते.

युरोपीय संघाने २०१३ पासून स्फोटकांना लागणाऱ्या कच्च्या रसायनांसाठी वेगळा नियम केला आहे. तेथे विक्रेत्याला संशयास्पद खरेदी कळवावी लागते आणि ती कोठे कळवायची ती जागा ठरलेली असते. नॉर्वेत २०११ मध्ये एका माणसाने शेतीच्या नावाखाली खत विकत घेऊन ऑस्लोत बॉम्बस्फोट केला, त्यानंतर या नियमाची निकड सगळ्यांनाच पटली. आपल्याकडेही एक क्रमांक असावा, फोन घेणारा जाणकार असावा, आणि वर्षातून एकदा आम्हा व्यापाऱ्यांना बसवून काय पाहायचे ते कोणीतरी गुजरातीत, मराठीत, हिंदीत समजावून सांगावे. माझ्या इतक्या वर्षांच्या धंद्यात तपासणीला पुष्कळ जण आले, शिकवायला एकही आला नाही.

याकुतपुरा | १० डिसेंबर २०२४

मी वाचक आहे, लिहितो क्वचितच. माझे शिक्षण दांडिया बाजारच्या बाजूच्या मराठी शाळेत झाले, कारण आई तेथे शिवण शिकवायला जात असे. कोठीकरसाहेबांनी चहाच्या गाडीवरच्या खबरीविषयी लिहिले, म्हणून हे लिहितो.

नोकरीला लागल्यावर मी शहराच्या पश्चिम भागात भाड्याने खोली शोधत होतो. भाडेकरूची पोलिसांकडे नोंद करायची असते, हे मला ठाऊक होते. मी स्वतःच कागद घेऊन गेलो. ठाण्यातल्या शिपायाने व्यवस्थित वागणूक दिली, फोटो लावला, शिक्का मारला. त्या नोंदीबद्दल माझी काही तक्रार नाही. ती सर्वांनी करावी, घरमालकाने करावी, कोणत्याही नावाच्या भाडेकरूची करावी. पण शिक्का असलेला कागद घेऊन मी ज्या सात घरी गेलो, त्यांतल्या सहा घरी माझे नाव ऐकून दार बंद झाले. सातव्या घरच्या आजींनी मला चहा दिला आणि खोलीही दिली. मी तेथे नऊ वर्षे राहिलो.

हे मी सहानुभूतीसाठी लिहीत नाही. मुद्दा धोरणाचा आहे. उद्या माझ्या मोहल्ल्यात एखादे पोर चुकीच्या माणसांत बसू लागले, तर ते सगळ्यांत आधी कोणाला दिसेल? दिल्लीतल्या संगणकाला नाही. ते दिसेल त्याच्या मावशीला, शिवणाच्या दुकानातल्या उस्तादाला, मशिदीबाहेर चपला सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला. ती माणसे बोलतील, जर त्यांना खात्री असेल की बोलल्यावर पोराला आधी समजावले जाईल, आणि सांगणाऱ्याचे सगळे घर संशयित ठरणार नाही. अक्षरधामच्या खटल्यात जे झाले ते वकीलसाहेबांनी कायद्याच्या भाषेत सांगितले. आमच्या गल्लीत त्याचा अर्थ असा लावला गेला की गप्प बसणे बरे. ही गप्प बसण्याची सवय मोडायची असेल तर धोरणात तशी वाट लिहावी लागेल. आणि स्फोटांत आमचीही माणसे मरतात, हे कृपया लक्षात असावे.

वाचनवेडी | ११ डिसेंबर २०२४

याकुतपुरा, तुम्ही लिहिलेत हे फार चांगले केले. मी माध्यमिक शाळेत शिकवते.

दोन वर्षांपूर्वी नववीतला एक हुशार मुलगा मधल्या सुट्टीत मला मोबाइलवर एक चित्रफीत दाखवायला आला. तिच्यात एका समाजाच्या लोकांना मारहाण होत होती आणि खाली लिहिले होते की आता तरी जागे व्हा. ती कोणत्या समाजाची, ते मुद्दाम लिहीत नाही, कारण दोन्ही बाजूंच्या अशा फिती माझ्या वर्गात फिरतात. मी त्याला विचारले, "ही कोठली आहे रे?" तो म्हणाला, "आपल्याच देशातली, बाई." आम्ही दोघांनी बसून ती शोधली. ती परदेशातल्या एका जुन्या भांडणाची निघाली. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी ही चाळीस जणांना पाठवली आहे." त्या संध्याकाळी त्याने चाळीसही जणांना कळवले. हे मी घडवले असे म्हणणार नाही, त्याच्यातच तो चांगुलपणा होता. पण त्याला विचारायला एक मोठे माणूस जवळ होते.

ब्रिटनने २०१५ च्या कायद्याने शाळांवर मुले दहशतवादाच्या वाटेला जाऊ नयेत हे पाहण्याचे बंधनच घातले. त्याचा एक परिणाम असा झाला की अगदी लहान मुलांचीही नावे शिक्षकांनी कळवली, आणि पालकांचा शाळेवरचा विश्वास डळमळला. म्हणून आपल्या धोरणात शिक्षकाला खबऱ्या करू नये, असे मला कळकळीने वाटते. शिक्षकाकडे मुलगा प्रश्न घेऊन येतो, तो शिक्षक आपले नाव कोठे कळवणार नाही या भरवशावर. शाळेला समुपदेशक द्या, वर्गात साठऐवजी चाळीस मुले ठेवा, चित्रफीत कशी पडताळायची ते अभ्यासक्रमात आणा. खरोखर धोका दिसला तर कोणाशी बोलायचे ते मुख्याध्यापकांना ठाऊक असावे, आणि तो पोलीस आधीपासून ओळखीचा असावा.

राजमहाल_रोड | ११ डिसेंबर २०२४

वकीलसाहेब, १९९३ आणि २००२ च्या तारखांचा मी असा विचार केला नव्हता. कायदा कडक असावा हे माझे मत अजून बदललेले नाही. पण तपास कच्चा असेल तर कडक कायदा चुकीच्या माणसावर पडतो आणि खरा मोकळा राहतो, हे मान्य करतो. याकुतपुरा, त्या सहा घरांपैकी एखादे आमच्या सोसायटीतले असू शकते. पुढच्या बैठकीत मी हा विषय घेणार आहे.

ताई, तुमच्या त्या चाळीस मिनिटांविषयी, म्हणजे पहिल्या तासाविषयी, अजून कोणीच बोलले नाही. तेथे नेमके काय करता येते?

सुरसागरकाठ | १२ डिसेंबर २०२४

सर्वांचे मनापासून आभार. राजमहाल_रोड, तुमच्या प्रश्नाचे उत्तर दोन शहरांच्या उदाहरणाने देते.

१५ एप्रिल २०१३ ला बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये दोन स्फोट झाले. तिघे मरण पावले आणि अडीचशेहून अधिक जखमी झाले, त्यांतल्या अनेकांचे पाय गेले. पण रुग्णालयात पोचलेला एकही जखमी दगावला नाही. शर्यतीच्या शेवटच्या रेषेजवळ वैद्यकीय तंबू होता, मोठी रुग्णालये जवळ होती, त्यांनी अशा प्रसंगाची तालीम आधी केलेली होती, आणि रस्त्यावरच्या लोकांनी कमरेचे पट्टे, कपडे, हाताला येईल ते बांधून रक्त थांबवले होते. २२ मे २०१७ ला मँचेस्टरच्या सभागृहात स्फोट झाला आणि २२ जण गेले. तेथे अग्निशमन दलाची माणसे आत पोचायला दोन तासांहून अधिक वेळ लागला, कारण कोणी कोठे जमायचे आणि आत जाणे सुरक्षित आहे की नाही हे पोलीस, रुग्णवाहिका आणि अग्निशमन दल यांनी एकमेकांना सांगितलेच नाही. पुढच्या चौकशीत हे सगळे नोंदले गेले. म्हणजे श्रीमंत देशातही योजनेचा कागद आणि जागेवरची माणसे यांत दोन तासांचे अंतर पडू शकते.

आपल्या शहराला याची तालीम वेगळ्या रूपाने होतच असते. गेल्या ऑगस्टात विश्वामित्रीचे पाणी घरांत शिरले. ११ नोव्हेंबरला कोयलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात टाकीचा स्फोट होऊन आग लागली आणि दोन जणांचा मृत्यू झाला. तो अपघात होता, पण आमच्या सोसायटीच्या गटात पहिल्या दहा मिनिटांत 'हल्ला झाला आहे' असाच संदेश फिरला आणि तीन घरांनी सामान बांधायला घेतले. पूर असो, आग असो वा बॉम्ब असो, पहिल्या तासात लागणाऱ्या गोष्टी बहुतेक सारख्याच असतात : निर्णय कोण घेणार ते आधी ठरलेले असणे, खरी बातमी देणारा एकच आवाज असणे, जखमींना एकाच रुग्णालयात न लोटता वाटून पाठवणे, आणि बघ्यांना लांब ठेवणे. अहमदाबादेनंतर यात आणखी एक भर पडली. जखमी जेथे येतात ते दारही राखावे लागते, गाड्या लांब थांबवाव्या लागतात आणि गर्दी आत येऊ न देता नातेवाइकांसाठी वेगळी जागा करावी लागते.

सुरतेचेही आठवावे. अहमदाबादच्या स्फोटांनंतरच्या काही दिवसांत तेथे दोन डझनांहून अधिक बॉम्ब न फुटता सापडले. त्यांतले काही झाडांवर टांगलेले होते आणि सामान्य लोकांच्या नजरेस पडले. ज्यांनी हात न लावता कळवले, त्यांनी आपले काम केले.

नवरात्रात आपल्याकडे एकेका मैदानावर हजारो खेळैये फेर धरतात. मी तीन वर्षे अशा एका मैदानावर वैद्यकीय मदतीला बसले आहे. तेथे धातूशोधक दरवाजे असतात, कॅमेरे असतात, खासगी सुरक्षारक्षक असतात. पण बाहेर पडायच्या चार दारांपैकी दोन गाड्यांनी अडलेली असतात, आणि माझ्या टेबलावर वेदनाशामक गोळ्या, ग्लुकोज आणि दोन क्रेप बँडेज याखेरीज काही नसते. पुढच्या वर्षी मी आयोजकांकडे रक्तस्राव थांबवणारे पट्टे आणि दाबपट्ट्या मागणार आहे, आणि चारही दारे मोकळी असल्याशिवाय टेबल मांडणार नाही.

मकरपुरा | १२ डिसेंबर २०२४

ताई, हे पट्टे कसे बांधायचे ते आम्हाला शिकवाल का? माझ्या गोदामात अठरा माणसे आहेत. शिवाय आमच्या व्यापारी मंडळाचे सभागृह रविवारी रिकामे असते.

सुरसागरकाठ | १२ डिसेंबर २०२४

नक्की. २२ तारखेच्या रविवारी सकाळी दहाला येते. सोबत माझी एक जुनी सहकारी असेल. प्रत्येकाने घरून एक स्वच्छ सुती पंचा आणावा. आधी जखमेवर दोन्ही हातांनी घट्ट दाब कसा द्यायचा आणि तो मध्येच उचलून का पाहायचा नाही, ते शिकू. हातापायाचे रक्त दाबूनही थांबत नसेल तरच जखमेच्या तीन-चार बोटे वर पट्टा बांधायचा, सांध्यावर बांधायचा नाही, बांधल्याची वेळ लिहून ठेवायची आणि डॉक्टर येईपर्यंत तो सोडायचा नाही. कोठीकर, तुम्ही येऊन संशयित वस्तू दिसल्यावर काय करायचे ते अर्धा तास सांगाल का? याकुतपुरा, तुमच्याकडच्या शिवणाच्या दुकानांतून कोणी आले तर फार बरे होईल. जाड सुती पट्टे आम्हाला शिवूनच घ्यावे लागणार आहेत.

याकुतपुरा | १२ डिसेंबर २०२४

उस्तादांशी आत्ताच बोललो. पट्ट्याची लांबी आणि रुंदी कळवा, चाळीस पट्टे ते रविवारच्या आत शिवून देतील. ते स्वतःही येत आहेत.